साचेखात्याचं बंद दार आणि ७ नोव्हेंबरचा संप

दर रविवारी सकाळी आपण विहारात वंदनेला जमतो. लहान मुलं येतात, आयाबाया येतात, नोकरीवाली मंडळी येतात. पण हा रविवार आपल्याला मिळाला कसा, याचा विचार फारसा कोणी करत नाही. कॅलेंडरात लाल अक्षरात छापलेला असतो, म्हणून सुट्टी! पूर्वी साहेबाच्या कचेऱ्या रविवारी बंद असत, पण मुंबईच्या गिरण्या चालू असत. सूर्य उगवला की भोंगा आणि सूर्य मावळला की सुटका. सणावाराला काय मिळेल तेवढीच विश्रांती.

ही सुट्टी मिळवून दिली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. महात्मा फुले यांचे हे सहकारी, सत्यशोधक, 'दीनबंधु' पत्राचे संपादक. १८८४ साली त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि बॉम्बे मिल हॅण्ड्स असोसिएशन काढली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्या घेऊन अर्ज केला. त्यात मागणं ते काय? आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. सहा वर्षे पाठपुरावा करावा लागला. १० जून १८९० पासून मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ज्या दिवशी आपण त्रिशरण-पंचशील म्हणतो, तो दिवस एका सत्यशोधकाने मालकांकडून मिळवलेला आहे, हे मुलांना सांगायला हरकत नाही.

स्मरणिकेसाठी कामगार चळवळीवर लिहा, असं मंडळाच्या कार्यकर्त्यांनी सांगितलं तेव्हा वाटलं, आपल्या वस्तीत हा विषय काय नवा? एका पिढीपूर्वी प्रत्येक घरातला कोणी ना कोणी गिरणीत, रेल्वेत, गोदीत नाही तर म्युनिसिपालिटीत होता. परंतु कामगार चळवळीची पुस्तकं वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. त्यांत मालक असतो, कामगार असतो, लाल बावटा असतो. आपला माणूस त्या कामगारात धरलेला असतो, पण त्याचं जे खास दुखणं होतं ते एखाद्या ओळीत उरकलेलं असतं. ते दुखणं काय होतं, तेवढंच इथे सांगतो.

त्यासाठी आधी गावाकडे जायला हवं. आपले आजे-पणजे गावात काम करीत नव्हते का? चोवीस तास करीत होते. महार वतनाचं काम. सरकारी टपाल पोहोचवणे, पाटलाचा निरोप सांगणे, आलेल्या अंमलदाराचं सामान वाहणे, त्याच्या घोड्याला वैरण घालणे. हाक आली की उठायचं, मग रात्र असो की घरात कोणी आजारी असो. घरचा कर्ता पुरुष नसेल तर बापाने जायचं, बायकोने जायचं. मोबदला म्हणजे वतनी जमिनीचा तुकडा आणि बलुतं. ते बलुतंही गावाच्या मर्जीवर. हे काम नको असं म्हणण्याची सोय नव्हती, कारण ते जन्मानेच पदरात पडलेलं. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात वतन कायदा दुरुस्तीचं बिल मांडलं ते यासाठीच. त्या वेळी ते पास झालं नाही. कनिष्ठ गावकामगार वतनं कायद्याने रद्द झाली ती १९५८ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

या वेठीतून सुटण्यासाठी कोकणातून, घाटावरून लोक मुंबईला आले. मुंबईची पहिली कापड गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, नायगाव, डिलाईल रोड, वरळी हा सगळा पट्टा धुराड्यांनी भरून गेला. गिरणीत जात कोण विचारतो, यंत्राला काय शिवाशिव, असं आपल्या माणसांना वाटलं असणार. रोख पगार, महिन्याच्या महिन्याला. पाटलाची हाक नाही. गावच्या मानाने हा स्वर्गच!

पण जात गिरणीच्या फाटकातून आत आलीच. आपली माणसं घेतली जात ती त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या खात्यात, नाही तर झाडलोट आणि हमालीला. बाया रिळावर. काही गिरण्यांत तर पिण्याच्या पाण्याची सोयही वेगळी होती. आणि ज्या खात्यात पगार चांगला, त्या साचेखात्यात आपल्या माणसाला प्रवेशच नव्हता. साचा म्हणजे माग. साचेवाल्याला उक्ता हिशेब, जेवढं कापड निघेल तेवढे पैसे. त्रासनवाल्याच्या मानाने त्याची महिन्याची कमाई बरीच जास्त असे.

बंदीचं कारण ऐकून नव्या पिढीला हसू येईल, पण त्या वेळी ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मागावर धोटा इकडून तिकडे धावतो. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. हे टोक काढायची पद्धत म्हणजे भोकाला तोंड लावून श्वासाने ओढून घ्यायचं. धोटा एकाच्या तोंडाला लागलेला, मग दुसऱ्याच्या. म्हणजे अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा सवर्ण कामगाराच्या तोंडाला लागणार, आणि तो बाटणार! एवढ्यासाठी हजारो माणसांचा चांगला पगार गेला.

खरं तर तोंड लावून सूत ओढणं सगळ्यांच्याच प्रकृतीला वाईट. एकाचा रोग दुसऱ्याला लागायचा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने असा धोटा १९११ सालीच कायद्याने बंद केला होता. हाताने सूत ओवता येईल असे धोटे निघालेले होते. इकडे मात्र धोटा बदलण्यापेक्षा माणूस बाहेर ठेवणं सोपं गेलं. आणखी गंमत अशी की विदर्भात आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या हातमागावर जाडंभरडं कापड विणत आलेला. विणकर असलेल्या जातीला विणकामाच्या खात्यात बंदी!

माझे वडील त्रासनात होते. तिसेक वर्षं त्यांनी त्या एकाच खात्यात काढली. साचेखात्याचा खडखडाट त्यांना भिंतीपलीकडून ऐकू यायचा. किती साचे चालू आहेत आणि कुठला बंद पडला हे ते आवाजावरून सांगायचे म्हणे. पण साच्यावर कधी उभे राहिले नाहीत. दारात उभं राहून आत बघितलं तरी जॉबर खेकसायचा, असं सांगायचे. मालक तर त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. अडवणारा जॉबर आणि नाक मुरडणारा साचेवाला, हे दोघंही त्यांच्यासारखेच चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत राहणारे.

बाबासाहेबांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. २६ एप्रिल १९२८ पासून मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार जवळजवळ सहा महिने बाहेर होते. मालकांना कमी माणसांत जास्त काम हवं होतं. दोन साच्यांच्या जागी तीन साचे, त्रासनातही एका माणसाकडे दुप्पट बाजू. संपाच्या समितीने मागण्यांची यादी केली. तेव्हा बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना विचारलं, अस्पृश्य कामगारांना सगळ्या खात्यांत काम करण्याचा हक्क तुम्ही मागणार की नाही? नसाल मागणार, तर त्यांना या संपात राहा असं मी का सांगू? पुढाऱ्यांनी मोठ्या नाखुशीने ही मागणी घेतली. मालकांसमोर ती गेली तेव्हा मालकांनी उलटून सुनावलं, की हा अन्याय असेल तर तो आमचा नाही, तुमच्याच लोकांचा आहे. मालक काही पुण्यात्मे नव्हते. जॉबर ठेवून फुटीचा फायदा तेही उचलत होते. परंतु या बाबतीत त्यांनी जे म्हटलं त्याला युनियनकडे उत्तर नव्हतं, आणि हे बाबासाहेबांनी पुढे जाहीरपणे बोलून दाखवलं.

दुसऱ्या वर्षी, १९२९ च्या एप्रिलमध्ये, पुन्हा संप झाला. या वेळी बाबासाहेबांनी विरोध केला आणि आपल्या माणसांना कामावर जायला सांगितलं. ही गोष्ट आपल्यातले काही लेखक गाळतात आणि विरोधक मात्र आवर्जून सांगतात. गाळू नये. सहा महिन्यांच्या संपाने घरं कर्जात बुडालेली होती. वाण्याची उधारी, पठाणाचं व्याज. वर लगेच दुसरा संप म्हणजे सर्वांत आधी उपाशी मरणार तो सर्वांत कमी पगाराचा, आणि तो आपला माणूस. कामगार वर्गाच्या एकीसाठी आपला कामगार उपास काढील, पण एकी त्याला साचेखात्यात घेणार नाही, असा तो व्यवहार होता. बाबासाहेबांचा तो निर्णय बरोबर होता की चूक, यावर आजही वाद घालता येईल. मला तो समजू शकतो. संप हे हत्यार त्यांना मुळातच नामंजूर होतं, असं मात्र म्हणता येणार नाही. पुढची हकीकत वाचली की ते कळतं.

१९३६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावात जात नाही, मजूर आहे. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं आणि १० जानेवारी १९३८ ला कोकणातले शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन आले. त्यात कुणबीही होते, महारही होते. गिरणीतला कामगार आणि खोताचं कूळ हे बहुधा एकाच घरातले दोन भाऊ असत, तेव्हा हे दोन प्रश्न काही वेगळे नव्हते.

लगेच महिन्याभरात, १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी, मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे बाबासाहेबांचं वाक्य आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. पण त्या भाषणातला रेल्वेचा तपशील फार कमी लोकांना माहीत असतो. रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो. पोर्टरची साधी जागाही त्याला मिळत नाही. का? तर स्टेशन मास्तर पोर्टरकडून घरची कामं करून घेतो, आणि अस्पृश्याला घरात कसं घेणार? कारखान्यात तो हमाल राहतो, मेकॅनिक क्वचितच होतो आणि फोरमन तर नाहीच. धोट्याचं भोक आणि स्टेशन मास्तरचं स्वयंपाकघर, दोन्हीकडे गोष्ट एकच. या परिषदेतच त्यांनी सांगितलं की ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीची सत्ता असा अर्थ त्यांना अभिप्रेत नाही. स्वातंत्र्य, समता आणि बंधुत्व नाकारणारी वृत्ती म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती कामगारांतही आहे.

आता त्याच वर्षातली मोठी घटना. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं. त्यांनी औद्योगिक कलहाचं बिल आणलं. तंटा झाला की आधी नोटीस, मग तडजोडीची बोलणी, आणि ती सारी मुदत संपेपर्यंत संप बेकायदेशीर. मोडाल तर शिक्षा. वरवर पाहिलं तर समजुतीची भाषा. बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९३८ रोजी असेंब्लीत त्याच्या चिंधड्या उडवल्या. कामगारांच्या नागरी स्वातंत्र्याच्या स्थगितीचा कायदा असंच याला नाव द्या, असं ते म्हणाले.

त्यांचा मुद्दा बॅरिस्टरचा होता, पण आपल्यासारख्यांना समजण्याजोगा. कामगार मालकाशी करार करतो. संप म्हणजे त्याने काम थांबवलं, फार तर करार मोडला. करार मोडला तर दिवाणी दावा करा, नुकसानभरपाई मागा. त्याला गुन्हेगार कसं ठरवता? मनाविरुद्ध काम करायला लावायचं आणि नाही म्हणाला तर शिक्षा करायची, याला गुलामगिरी म्हणतात. इंग्रजांनी १८५९ साली असा कायदा केला होता, उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला त्यात तुरुंग होता. तो १९२५ साली रद्द झाला. तेरा वर्षांनी तीच गोष्ट लोकांनी निवडून दिलेलं सरकार वेगळ्या रूपात आणत होतं.

वतनाची गोष्ट मी वर सांगितली ती याच कारणाने. हाक आली की उठायचं आणि नाही म्हणायची सोय नाही, हे ज्याच्या बापजाद्यांनी भोगलं, त्याला काम थांबवण्याच्या हक्काची किंमत पुस्तकातून शिकावी लागली नाही. दहा वर्षं बाबासाहेब भांडत होते ते बंद खात्यात शिरण्याच्या हक्कासाठी. आता भांडत होते काम नाकारण्याच्या हक्कासाठी. गावच्या महाराला यातला एकही हक्क नव्हता.

बिल पास होणार हे दिसत होतं. तेव्हा सोमवार, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप पुकारला गेला. स्वतंत्र मजूर पक्ष, ट्रेड युनियन काँग्रेस आणि कम्युनिस्ट एकत्र आले. दहा वर्षांपूर्वी साचेखात्यावरून ज्यांच्याशी खटका उडाला, त्या कॉम्रेड डांग्यांच्या बरोबर बाबासाहेब उभे राहिले. समता सैनिक दलाचे जवान वस्त्यावस्त्यांतून फिरले. बऱ्याच गिरण्या बंद राहिल्या. काही ठिकाणी पोलिसांनी लाठ्या चालवल्या, गोळीबारही झाला, कामगार जखमी झाले. संध्याकाळी परळच्या कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली, जमनादास मेहता अध्यक्ष होते. कामगारांनी कायदेमंडळ ताब्यात घेतलं पाहिजे, हा विचार बाबासाहेब त्या काळात सतत मांडत होते. वडील त्या दिवशी मैदानावर होते. नायगाववाले आणि लाल बावटावाले एका रांगेत बसलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले, असं ते सांगत. भाषण किती कळलं विचारलं तर हसायचे. लांब बसलो होतो म्हणायचे.

७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून आपण साजरा करतो, कारण १९०० साली त्याच तारखेला बाल भीमरावाचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. विहारात तो कार्यक्रम होतो तेव्हा या संपाचीही दोन वाक्यं कोणी बोलावीत, अशी माझी जुनी विनंती आहे.

बिल पास झालंच. संपाने ते थांबलं नाही. पण चार वर्षांनी, १९४२ च्या जुलैमध्ये, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री झाले आणि १९४६ पर्यंत राहिले. या काळातल्या कामांची यादी आपल्या पुस्तिकांत नेहमी छापली जाते, त्यामुळे सगळी इथे देत नाही. एक दुरुस्ती मात्र करतो. आठ तासांचा दिवस त्यांनी १९४२ साली आणला, असं पुष्कळ ठिकाणी छापून येतं. आठवड्याला ४८ तासांचा कायदा झाला तो १९४६ साली, कारखाने कायद्याच्या दुरुस्तीने. त्याआधी आठवड्याला ५४ तास होते. भरपगारी रजेची दुरुस्ती १९४५ ची. किमान वेतनाचं बिल त्यांनी एप्रिल १९४६ मध्ये मांडलं, कायदा १९४८ साली झाला. तारखा बरोबर सांगितल्या तर बाबासाहेबांचं मोठेपण कमी होत नाही. उलट विरोधकाच्या हातात काही राहत नाही.

कोळशाच्या खाणींबद्दल थोडं सांगायला हवं. १९४३ च्या डिसेंबरात ते स्वतः धनबाद-झरियाच्या बाजूला जाऊन खाणी आणि कामगारांच्या झोपड्या बघून आले. लढाईमुळे कोळसा कमी पडत होता म्हणून सरकारने स्त्रियांना जमिनीखाली काम करण्यावरची बंदी उठवली होती. यावर असेंब्लीत फार टीका झाली. बाबासाहेबांना सरकारची बाजू मांडावी लागली, ती त्यांना सुखाची नसणार. त्यांनी एवढं मात्र केलं की त्या कामाला बाईला पुरुषाइतकाच पगार, आणि हे तत्त्व उद्योगात पहिल्यांदा मान्य होत असल्याचं त्यांनी सभागृहात सांगितलं. १९४६ साली बंदी पुन्हा लागू झाली. बाळंतपणाच्या रजेसाठी तर ते १९२८ सालीच मुंबई कायदेमंडळात बोलले होते आणि १९२९ मध्ये प्रांताचा कायदा झाला. आपल्या वस्तीत ज्या आयाबायांनी रिळावर काम केलं, त्यांच्या उपयोगी तो पडला.

मग संविधान आलं. कलम २३ मध्ये वेठबिगार आणि सक्तीची मजुरी यांना बंदी आहे. कलम सतरा सगळ्यांना पाठ असतं. तेवीसही पाठ असावं, कारण येसकराची काठी तिथे कायमची खाली ठेवली गेली.

साचेखात्याचं दार एका दिवसात उघडलं नाही. ते हळूहळू किलकिलं झालं. माझे धाकटे काका पन्नासच्या दशकात बदली म्हणून लागले आणि पुढे साच्यावर कायम झाले. पहिले काही आठवडे शेजारचा साचेवाला त्यांच्याशी बोलत नव्हता. नंतर बोलू लागला, मग तंबाखूही मागू लागला. वडिलांना याचं फार कौतुक. काकांचा पगार वडिलांपेक्षा जास्त, आणि वडील ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

१९३८ च्या त्या काळ्या कायद्याच्या जागी १९४६ साली मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. त्यात एका धंद्यात एकच मान्यताप्राप्त युनियन, तिने केलेला करार सगळ्यांवर बंधनकारक. गिरण्यांत ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिली, कामगारांचं मन कुठेही असो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, तेव्हा पगारवाढीबरोबर हा कायदा रद्द करा अशीही मागणी होती. सरकारने मान्यताप्राप्त युनियन सोडून बोलायचं नाही असा हट्ट धरला. तो संप मागे घेतल्याचं कधी रीतसर जाहीर झालं नाही. काका संपात होते. परत त्यांना साचा मिळाला नाही. गिरणीच बंद झाली.

म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची सोडत २०१२ पासून काढायला सुरुवात केली, तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर नाव असल्याचा पुरावा मागितला गेला. आमच्याकडे काकांचं तिकीट आणि एक पगारचिठ्ठी ट्रंकेत सापडली. त्याच ट्रंकेत वडिलांचा प्रॉव्हिडंट फंडाचा कागद होता, खात्याचं नाव लिहिलेला. आपल्या वस्तीत अशा ट्रंका आणखी असतील. कोणाकडे गिरणीचं तिकीट, पगारचिठ्ठी, युनियनची पावती किंवा स्वतंत्र मजूर पक्षाचं एखादं पत्रक असेल, तर कृपा करून रद्दीत देऊ नका. वर्धापन दिनाच्या दिवशी विहारात घेऊन या. झेरॉक्स काढून मूळ कागद तुमचा तुम्हाला परत मिळेल, आणि ज्याचा कागद आहे त्याचं खातं कोणतं होतं तेही विचारून लिहून ठेवू.